पान दोनशे चौदापासून

चिमाबाईंना अक्षरओळख नव्हती. श्रावणात पोथी ऐकायची असली, म्हणजे त्या वाचणाऱ्याच्या घरी आधी पायलीभर जोंधळे पोचते करीत आणि मगच श्रोत्यांत जाऊन बसत. फुकट ऐकलेले अंगी लागत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांची लेक सोजराबाई. शेजारची चाळण मागून आणली, तर दिवस मावळण्याच्या आत ती झटकून, पुसून परत गेलीच पाहिजे, हा दंडक तिने बार्शीजवळच्या आपल्या घरात अखेरपर्यंत चालवला. सोजराबाईची लेक प्रभावती. नवऱ्याच्या नोकरीपायी ती दापोडीत आली, वयाच्या तिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरे गिरवू लागली, आणि पुढे जन्मभर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत रस्त्याने चालली. वर्गाच्या बाईंचे उपकार फेडायचे म्हणून तिने त्यांच्या तीन बाळंतपणांत स्वयंपाक केला.

या प्रभावतीची थोरली मुलगी विजयश्री. तीन पिढ्यांत कोणाचे काही मागे राहिले नव्हते. विजयश्रीकडे मात्र एक देणे छत्तीस वर्षे राहिले होते, आणि ते नेमके केवढे आहे, हे तिच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते.

आकुर्डीच्या मुलींच्या शाळेतून विजयश्री मुख्याध्यापिका म्हणून त्या वर्षी निवृत्त झाली. शाळेत तिचा धाक होता, आणि तो विशेष एका बाबतीत होता. छापलेले आहे ते, तसेच, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचले गेले पाहिजे. एकदा पाठांतराच्या स्पर्धेत एका मुलीला ओळ आठवेना, तेव्हा तिने बेधडक स्वतःची ओळ जुळवून म्हटली. ओळ चांगली होती. परीक्षकांनी मान डोलावली, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. विजयश्रीने त्या मुलीचा पहिला क्रमांक काढून घेतला. मुलीची आई भांडायला आली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ऐकणाऱ्याला आपण काय ऐकतो आहोत ते कळत नाही. म्हणून म्हणणाऱ्याने जपायचे असते." हे बोलताना तिचा आवाज जरा जास्तच कडक झाला होता, असे शिपाईमावशींना वाटले. कारण कोणाला कळले नाही.

निरोपसमारंभाच्या पुस्तिकेत तिची माहिती छापली होती. बाहेरून परीक्षा देत असताना बाईंनी दोन वर्षे चिंचवडच्या एका शेडमध्ये वायरिंगचे काम केले, असे तिच्यात एक वाक्य होते. त्या एका वाक्याने पुढचे सारे घडवले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक चाळिशीची बाई दाराशी आली. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र तसेच होते.

"मॅडम, मी स्वरूपा. अनुयाची आई. दहावी ब."

"बसा. अनुयाचे काय?"

"अनुयाचं काही नाही. पुस्तिकेतलं चिंचवडच्या शेडचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं, तिचा निरोप घेऊन आलेय. तिनं सांगितलाय तसाच सांगते, रागावू नका." स्वरूपाने घसा साफ केला. "त्या विजूला म्हणावं, तुझं वाचायचं ऱ्हायलंय. आमी आमचं काम करून बसलोय."

विजयश्रीने हातातले वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले. शेडमधल्या मंजुळाबाई जिवंत होत्या, दापोडीतच होत्या, आणि ही त्यांची ती चार वर्षांची पोर, जिला तेव्हा टेबलाखाली खोक्यात झोपवावे लागे.

"मी त्या पुस्तकातल्या मालनवरच वाढले, मॅडम," स्वरूपा सांगू लागली. "शाळेतून रडत आले की आई विचारायची, मालन रडली होती का? चाकणला पहिल्या कंपनीत क्वालिटीला मी एकटीच मुलगी. माल खराब आहे, लाइन थांबवा म्हटलं की चार जण अंगावर यायचे. तेव्हा मी मनात म्हणायचे, 'आतून कडी.' मालन म्हणते ना, तसं. आता माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. ते पुस्तक आहे ना हो तुमच्याकडे? मला एकदा नुसतं हातात घ्यायचंय."

"आहे," विजयश्री म्हणाली. "आधी आईंना वाचून दाखवीन."

स्वरूपा गेल्यावर तिने कपाटातून पुस्तक काढले. आतून कडी हे शब्द त्या पुस्तकात कोठेही नव्हते. ते विजयश्रीचे होते.

ते सारे असे घडले होते. चिंचवडच्या त्या शेडमध्ये दुचाकीचे हार्नेस बनत. हार्नेस म्हणजे दिव्यापासून बॅटरीपर्यंत गाडीच्या अंगातून फिरणाऱ्या तारांची जुडी. तारा फळीवरच्या खिळ्यांतून फिरवायच्या, टोके जोडायची, वरून काळी टेप गुंडाळायची. कापण्या-दाबण्याची यंत्रे पलीकडच्या शेडमध्ये असल्याने इकडे गलका नसे. प्रत्येक टेबलावर तिघी बसत, आणि मोजणी माणशी होत नसे, टेबलाची होत असे. मंजुळाबाई, जयमाला आणि विजयश्री असे एक टेबल होते. तिघींत शिकलेली ही एकटी.

सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीनंतर माल पोचवायला मोठ्या कंपनीत जाई, तो तासाभराने परते. तो तास वाचनाचा ठरला. त्या तासात विजयश्रीच्या वाट्याचे चार हार्नेस व्हायचे असत. दोन मंजुळाबाई करीत, दोन जयमाला. टेबलाचा आकडा भरलेला असे आणि कोणाला पत्ता लागत नसे. हा कायदा मंजुळाबाईंनी केला होता. "वाचणारीचा हात मोकळा पायजे," त्या म्हणत. "टेप गुंडाळत वाचशील तर दोन्ही वाकडं हुईल."

पुस्तक दापोडीच्या रद्दीवाल्याकडचे होते. पहिली काही पाने फाटलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. तीनशे सव्वीस पानांची जाड कादंबरी. तिच्यातली मालन ही एका कारकुनाची बायको. नवरा मारतो, दुसरी घरात आणतो, तेव्हा मालन कडेवरच्या पोरीला घेऊन तालुक्याच्या गावी येते, शिवणकाम करते, एका खोलीत राहते. रोज दहा-बाराच पाने होत. कारण मध्येच जयमाला वाचन थांबवून कोणाची तरी बाजू घेई आणि मंजुळाबाई दुसऱ्याची. विजयश्री उद्याची पाने आदल्या संध्याकाळी घरी एकदा वाचून येत असे. अडखळले, की जयमाला म्हणे, "काय गं, गाडी घाटात अडकली का?"

मंजुळाबाईही तेव्हा नवऱ्याचे घर सोडून भावाकडे राहत होत्या. कारण मालनचेच होते, फक्त कारकुनाऐवजी ट्रकचालक. एका शुक्रवारी त्यांनी टेप तोडता तोडता सांगितले, "उद्या सांच्याला दीर येनार हाय न्यायला. दादा म्हणतो, जा. वहिनी तर गाठोडं बांधूनच बसलीया."

"मग मालनला विचार की!" जयमाला हसून म्हणाली. पुस्तकातही मालनला न्यायला नवऱ्याने गाडी पाठवली होती आणि वाचन नेमके तेथे थांबले होते.

मंजुळाबाई हसल्या नाहीत. "व्हय," त्या म्हणाल्या, "उद्या मालन काय करती ते बघू."

त्या संध्याकाळी विजयश्रीने पान दोनशे चौदा उघडले. तेथे लिहिले होते: मालनने गाडीवानाकडे पाहिले, आणि पोरीला कडेवर घेऊन ती निमूटपणे गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिने वाचायला सुरुवात केली. "मालनने गाडीवानाकडे पाहिले." समोर मंजुळाबाईंचे हात टेपवर थांबले. इतक्या दिवसांत ते हात वाचनामुळे कधी थांबलेले तिने पाहिले नव्हते. विजयश्रीचे डोळे पुढच्या शब्दांवर होते आणि तोंडाने ती म्हणाली, "ती आत गेली. तिने दाराला आतून कडी घातली. गाडी दुपारपर्यंत उभी होती; मग रिकामी गेली."

मंजुळाबाईंनी टेप पुन्हा हातात घेतली. संध्याकाळी दीर आला, तो तसाच परत गेला.

त्यापुढे पुस्तक आणि वाचन यांची फारकत झाली. नऊ दिवस विजयश्री पाने उलटत राहिली आणि मनचे सांगत राहिली. पुस्तकातली मालन नवऱ्याच्या उंबऱ्यावर माफी मागत होती; टेबलावरची मालन शिलाईचे दुसरे यंत्र घेत होती, पोरीला शाळेत घालत होती, भाड्याच्या खोलीच्या दाराला रंग देत होती. हे केवळ मंजुळाबाईंच्या कळवळ्याने चालले होते, असे म्हणणे खरे नव्हे. विजयश्रीला त्यात गोडी लागली होती. आपण बोलू तशी दोन माणसे श्वास घेतात, हे तिने पहिल्यांदाच पाहिले होते.

दहाव्या दिवशी शेडच्या फाटकाला कुलूप होते. मालकाने रातोरात यंत्रे हलवून दुसरीकडे नेली होती. बायका तासभर फाटकाशी बोलत उभ्या राहिल्या आणि पांगल्या. त्याच महिन्यात विजयश्रीच्या वडिलांनी बिऱ्हाड आकुर्डीला नेले. मंजुळाबाईंना शोधले असते तर त्या सापडल्या असत्या. तिने शोधले नाही.

त्या दोघींच्या हिशेबी राहिली होती शेवटची वीस-पंचवीस पाने. विजयश्रीच्या हिशेबी राहिली होती एकशे तेरा. त्या नऊ दिवसांचे छत्तीस हार्नेस त्यांनी केले होते आणि त्यांच्या मोबदल्यात त्यांना पुस्तकातले एक अक्षरही मिळाले नव्हते. पुढे ती बी.ए. झाली, शिक्षिका झाली, शेकडो मुलींना तिने वाचायला शिकवले. आणि जिथे जिथे कोणी छापलेल्यात हात घालताना दिसले, तिथे तिथे ती वाजवीपेक्षा कठोर झाली.

आता तिने ठरवले, की शेवट लिहून न्यायचा. चार दुपारी बसून तिने आखीव कागदांवर चोवीस पाने लिहिली. मालनची मुलगी शिकते, नोकरीला लागते, आईला घर बांधून देते. भाषा जुन्या धाटणीची ठेवली. कागद तिने पुस्तकाच्या शेवटच्या पानांत घातले, पुस्तक पिशवीत घातले, आणि आकुर्डीहून लोकलने ती दापोडीला उतरली.

मंजुळाबाईंचे घर रुळांपलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होते. जयमाला तळवड्याहून बसने आधीच आली होती आणि स्वतःची उशी घेऊन दिवाणावर बसली होती.

"या हेडबाई, या!" ती म्हणाली. "छडी आनली का? का आमाला भिऊन ठिवलीया शाळंत?"

"जयाताई, तुम्ही होत्या तशाच आहात."

"कुठं तशी? गुडघे बदललेत दोन्ही. तोंड तेवढं जुनं हाय."

मंजुळाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, चष्मा जाड. हात मात्र तेच. त्यांनी विजयश्रीला पायापासून डोक्यापर्यंत निरखले.

"जाड झालीस," त्या म्हणाल्या. "बस. पानी पी. मग वाच."

स्वरूपाची दुसरी शिफ्ट होती. तिने पुस्तकाकडे एकदा अधाशासारखे पाहिले. "मॅडम, नंतर मला नक्की हं," असे बजावून ती गेली. आता घरात पुस्तक वाचता येणारी एकटी विजयश्री होती. चोवीस पाने दीड तासात झाली असती, आणि देणे फिटले असे दोघींनी मानले असते.

"आदी मागचं सांगून घेते," मंजुळाबाई म्हणाल्या, "म्हंजे जोड बसंल." आणि त्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. ती आत गेली. तिने दाराला आतून कडी घातली. गाडी दुपारपर्यंत उभी होती; मग रिकामी गेली. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. शिलाईचे यंत्र आले, दाराचा रंग आला, शाळेची पाटी आली. बावीस वर्षांच्या मुलीने बसल्या बसल्या रचलेली वाक्ये छत्तीस वर्षांनी तिच्यासमोर जशीच्या तशी परत येत होती.

"पाठ केलेत तुम्ही," विजयश्री म्हणाली.

"पाठ करायला कशाला लागतंय? रोज कुणाला तरी सांगावं लागतं. ह्या गल्लीत काय कमी बाया रडत येत्यात? मी म्हणलं नवऱ्याला सोड, तर म्हणतील म्हातारी घर फोडती. पुस्तकात असं लिवलंय म्हणलं, की गप बसून ऐकत्यात. तिघी ऱ्हायल्या बघ तशा. एक तर आता पोलिसात हाय."

"आनि शेवट विचारत्यात की त्या," जयमाला म्हणाली. "मी हिला किती येळा म्हनलं, सांग की काय बी ठोकून. मालनची पोरगी कलेक्टर झाली म्हन. कोन बघायला येतंय?"

"तसं कसं सांगू?" मंजुळाबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिले. "मला वाचता येत न्हाई म्हणून मी पुस्तकात माझ्या पदरचं घालू व्हय? मी सरळ सांगते, शेवट मला ठावं न्हाई, वाचणारी ग्येली. छत्तीस वर्सं हेच सांगत आले."

खालून एक गाडी गेली, खिडकीची तावदाने वाजली.

विजयश्रीने पुस्तक मांडीवर घेतले. आखीव कागद बाहेर काढून त्यांची घडी केली आणि घडी पिशवीत टाकली. मग तिने पान दोनशे चौदा उघडले.

"ते न्हवं गं," मंजुळाबाई म्हणाल्या. "लई मागं ग्येलीस. ते झालंय."

"झालेले नाही, मंजुळाताई. मी येथून पुढे तुम्हांला पुस्तकातले काही वाचलेच नाही. जे सांगितले ते माझे होते."

विजयश्रीने आणखी काही स्पष्टीकरण दिले नाही, वाक्य वाचले. "मालनने गाडीवानाकडे पाहिले, आणि पोरीला कडेवर घेऊन ती निमूटपणे गाडीत चढली."

"चढली?" जयमाला ओरडली. "अगं चढली कशी? कडी कुठं गेली?"

"कडी नव्हती."

मंजुळाबाईंचा चेहरा हलला नाही. "परत ग्येली?"

"गेली."

"पाया पडली त्याच्या?"

"पुढच्या प्रकरणात पडते."

"पोरीला घिऊन?"

"घेऊन."

मंजुळाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि न घालता हातातच ठेवला. "कामावर असताना," त्या सावकाश म्हणाल्या, "लाल तार काळ्याच्या भोकात आन काळी लालच्या भोकात, अशी दोन्ही टोकांना घातली, तर दिवा लागतो. तपासणारा पास करतो. गाडी रस्त्याव ग्येल्यावर कळतं कुणालातरी. तसं केलंस तू."

"तसेच केले."

"मला ईचारलंस?"

"नाही."

"मी त्या दिवशी घरी ग्येले, तर वहिनी दारात गाठोडं घिऊन उभी. दादा बोलंना. दीर खाटंवर बसलेला. मी जाणारच व्हते विजू. पर मला वाटलं, एक बाई माझ्या आदी ऱ्हायलीया. तिचं काही वाईट झालं न्हाई. ती ऱ्हायली म्हंजी आपल्याला बी जमंल. तिच्या जिवावर मी न्हाई म्हणाले." त्या थांबल्या. "आन तू सांगतीस, तिथं कुणी न्हवतंच."

"नव्हते," विजयश्री म्हणाली. क्षमा मागायचे शब्द तिने घरून आणले होते. आता ते उच्चारणे म्हणजे त्यांच्याकडून आणखी काही मागणे झाले असते, म्हणून ती गप्प राहिली.

गप्प बसणे जयमालेला कधीच जमले नव्हते. "म्हंजे पैली तूच की गं मंजे!" ती म्हणाली. "आनि आपन समद्या गल्लीला त्या भित्र्या मालनची गोष्ट सांगत बसलो. तुजीच सांगायची व्हती!"

मंजुळाबाईंनी तिला "गप गं," म्हटले, पण ते जुन्या सवयीचे होते. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि बऱ्याच वेळाने तीन कप चहा घेऊन आल्या. विजयश्रीसमोर कप ठेवताना त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्या परत खुर्चीत ताठ बसल्या.

"किती पानं हायत?"

"एकशे तेरा."

"समदी वाच. मधलं गाळू नगंस, गोड करू नगंस. आमी रोजचे चार हार्नेस केलेत, फुकट न्हाई ऐकत."

त्या दिवशी अठ्ठावीस पाने झाली. पुढच्या तीन मंगळवारी विजयश्री त्याच गाडीने येत राहिली. छापलेल्या मालनचे दिवस फार काही भयंकर नव्हते, आणि तेच ऐकणे कठीण होते. नवरा आजारातून बरा झाला. सवत वाईट नव्हती. मालनला मागच्या पडवीत जागा मिळाली, आणि पोरीचे चौदाव्या वर्षी लग्न झाले. लेखक प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस मालनच्या सहनशीलतेची थोरवी गात होता.

"बाई हाय का बाप्या, लिवणारा?" मंजुळाबाईंनी एकदा मध्येच विचारले.

"पहिली पाने नाहीत. कळायला मार्ग नाही."

"पडवीत निजलेला न्हाई, येवडं खरं," त्या म्हणाल्या. "वाच पुढं."

विजयश्री वाचत होती. शाळेत तिचा आवाज घुमत असे. येथे तो साधा झाला होता. निमूटपणे हा शब्द त्या एकशे तेरा पानांत एकोणीस वेळा आला आणि एकोणीसही वेळा तिने तो स्पष्ट उच्चारला. मालनच्या पोरीच्या सासरी पाठवणीचे पान आले, तेव्हा मंजुळाबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. त्यांनी तेवढे एकच पान दोनदा वाचायला लावले. का, ते सांगितले नाही.

तिसऱ्या मंगळवारी स्वरूपा सुट्टी काढून थांबली. तिला आईने सगळे आधीच सांगितले होते. तिने पुस्तक हातात घेतले, पान दोनशे चौदावरची ती ओळ बोट ठेवून वाचली, आणि बराच वेळ ते बोट तेथेच राहिले.

"म्हणजे मी लाइन थांबवताना जे म्हणत होते, ते मॅडमचं होतं," ती शेवटी म्हणाली.

"माझे नव्हे," विजयश्री म्हणाली. "मी फक्त बोलले होते. दाराशी तुमची आई उभी राहिली."

"आता त्या बायकांना काय सांगणार गं आई?"

"दोन्ही सांगीन," मंजुळाबाई म्हणाल्या. "पुस्तकातली ग्येली. दापोडीतली न्हाई ग्येली. ज्येला जे घ्यायचं ते घ्यावं."

चौथ्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला विजयश्रीने पान तीनशे सव्वीसवरचा शेवटचा परिच्छेद वाचला. म्हातारी मालन पडवीत वाती वळत बसली होती आणि लेखकाच्या मते तृप्त होती. पूर्णविरामानंतर विजयश्रीने पुस्तक मिटले.

मंजुळाबाईंनी हात पुढे करून विजयश्रीच्या मनगटावर ठेवला. "झालं," त्या म्हणाल्या. "लई वंगाळ पुस्तक हाय. पर झालं एकदाचं. माझ्याकडं तुझं काई ऱ्हायलं न्हाई आता."

"तुजं नसंल ऱ्हायलं," दिवाणावरून जयमाला म्हणाली. तिने उशी सावरली आणि पदर नीट केला. "माझं ऱ्हायलंय. ती सवत न्हाई का, आजारी पडती? तवा माझा डोळा लागला. उठले तर ती बरी होऊन दळन दळायली."

"तुला कोन म्हणलं झोप म्हणून?" मंजुळाबाई म्हणाल्या. "मोठी बाराची बस पकडून आलीस ती झोपायला!"

"त्या चारातले दोन रोज मी बी केलते की! का माझे मोजनीत न्हवते?"

विजयश्रीने पुस्तक पुन्हा उघडले. सवत आजारी पडते ते पान दोनशे एक्क्याण्णव. दळण येते ते पान तीनशे. पावणेचारची गाडी खिडकीखालून गेली. मंजुळाबाई उठून पुन्हा चहा ठेवायला गेल्या, जाताना "मोठ्यानं वाच, मला आत ऐकू आलं पायजे," असे बजावून. विजयश्रीने चष्मा नीट बसवला आणि ती नऊच्या नऊ पाने, एकही शब्द न गाळता, जयमालेला वाचून दाखवली.